आळीपाळीचा डाव : हरणाऱ्या मुलाने कसे सुधारावे?

आपल्या बेटावर आज घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. मुले फोनला चिकटून बसतात, जेवायला हाक मारली तर उठत नाहीत आणि खेळ संपला की चिडचिड करतात. तक्रार खरी आहे. परंतु फोनवरचे सगळे खेळ एकाच माळेचे मणी नाहीत. काही खेळांत बोट किती वेगाने चालते यावर सारे अवलंबून असते. दुसरा प्रकार आळीपाळीच्या खेळांचा. त्यात एकाने खेळी करायची आणि थांबायचे, मग दुसऱ्याने विचार करून उत्तर द्यायचे. बुद्धिबळ हा या कुळातील सर्वांत मानाचा खेळ. संगणकावरचा ‘सिव्हिलायझेशन’ हाही त्याच कुळातला. सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी तो तयार केला व १९९१ साली तो बाजारात आला. त्यात खेळाडू इसवी सनापूर्वी ४००० या वर्षी एक वस्ती वसवतो आणि पाळीपाळीने राज्य वाढवत नेतो.

अशा खेळांत घाई करणारा हरतो आणि थांबून पाहणारा जिंकतो. म्हणून आईवडिलांनी ते सरसकट बंद करू नयेत, असे आम्हांस वाटते. मात्र एक अडचण अनेक घरांत दिसते. मूल रोज दहा डाव खेळते, पण सुधारत नाही. कालची चूक आज होते, आजची उद्या होते. शेवटी मूल कंटाळते किंवा सोपा खेळ शोधते. हे टाळण्यासाठी काय करावे, याचा विचार या लेखात करू.

अल अमेरातचा मुलगा

अल अमेरात हे ओमानच्या मस्कत प्रांतातील ठिकाण. राजधानीच्या पाठीमागे उघडे, तपकिरी डोंगर आहेत, त्यांच्या पलीकडे ही वस्ती पसरली आहे. क्रिकेटप्रेमी वाचकांना हे नाव आठवत असेल. १७ ऑक्टोबर २०२१ रोजी टी-२० विश्वचषकाचा पहिला सामना तेथील मैदानावर झाला आणि ओमानने पापुआ न्यू गिनीला दहा गडी राखून हरवले. पण वर्षातले कित्येक महिने तेथे दुपारी मैदानात मूल पाठवता येत नाही. पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि मुले घरात बसतात.

आमच्या परिचयाचे एक मराठी कुटुंब आपल्या बेटावरून नोकरीनिमित्त तेथे गेले आहे. घरात अकरा वर्षांचा मुलगा. त्याचा आजा येथेच, आपल्या गावी, एकटा राहतो. दोघे फोनवर बुद्धिबळ खेळतात. देवाणघेवाणीला एक सोय आहे. ओमान आणि मॉरिशस यांचे घड्याळ एकच, दोन्ही ग्रीनिचच्या चार तास पुढे. आजा संध्याकाळी चहा घेत खेळी करतो तेव्हा नातवाकडेही संध्याकाळच असते. ओमानमध्ये शुक्रवार-शनिवारी सुट्टी आणि आपल्याकडे शनिवार-रविवारी. म्हणून शनिवार हा दोघांचा मोठ्या डावाचा वार.

पण मुलगा सतत हरू लागला. आठ-नऊ महिन्यांत एकही डाव त्याच्या बाजूने गेला नाही. एके दिवशी त्याने वडिलांना सांगितले, “आजाला सांगा, मला आता खेळायचे नाही.” वडील गप्प झाले. नातू आणि आजा यांच्यात रोज होणारे बोलणे याच खेळाच्या निमित्ताने होत होते. खेळ थांबला असता तर फोनवर उरले असते ते “कसा आहेस?” “बरा आहे” एवढेच.

वडिलांनी आजाला सुचवले की एखादा डाव हरावा. आजाने वजीर मारू दिला. मुलाने लगेच ओळखले. “आजा, तुम्ही वजीर मुद्दाम दिलात ना?” त्या दिवशी तो अधिकच रुसला. आम्ही सुट्टीत काही दिवस त्यांच्याकडे होतो तेव्हा हा विषय निघाला. “तुम्ही शिक्षक आहात, काही सांगा,” असे मुलाच्या आईने म्हटले. आम्ही मुलाशेजारी बसून त्याचे डाव पाहिले आणि पुढील गोष्टी सांगितल्या. त्या दुसऱ्या घरांनाही उपयोगी पडाव्यात म्हणून येथे देत आहोत.

मोहरे कमी करून खेळा

मुद्दाम हरण्याने मुलाचा अपमान होतो. त्याऐवजी बलवान खेळाडूने पटावरून आपले एखादे मोहरे आधीच उचलून ठेवावे. ही रीत फार जुनी आहे आणि तीत लपवाछपवी नाही. आजाने प्रथम वजिराविना खेळावे. नातू तीन डाव जिंकला की आजाचा वजीर पटावर परत, पण हत्ती बाहेर. मग हत्ती परत आणि घोडा बाहेर. पुढे एकच प्यादे कमी. ही एक शिडी झाली. मुलाला कळते की आपण कोणत्या पायरीवर आहोत आणि वरची पायरी किती दूर आहे. जिंकलेला डाव खरा जिंकलेला असतो, कारण आजा उरलेल्या सैन्यानिशी पूर्ण जोर लावून खेळतो.

हरलेल्या डावाची वही

शाळेत गणित चुकले तर आपण उत्तर पुसून टाकत नाही. कोणत्या पायरीला चूक झाली ते शोधतो. खेळातही तेच करावे. पटावरील उभ्या ओळींना अक्षरे असतात व आडव्या ओळींना आकडे, त्यामुळे प्रत्येक खेळी दोन खुणांत लिहिता येते. फोन हे आपोआप लिहून ठेवतो. तरीही मुलाने हरलेला डाव स्वतःच्या हाताने वहीत उतरवावा आणि ज्या खेळीनंतर डाव बिघडला तिच्याखाली रेघ मारावी. शेजारी एक वाक्य लिहावे : “मी काय पाहिले नाही?”

या मुलाने दहा हरलेले डाव उतरवले. दहांपैकी सात डावांत एकच गोष्ट निघाली. आपण शह दिला किंवा हल्ला केला की तो त्या आनंदात असे आणि पुढच्याच खेळीला त्याचे एखादे मोहरे फुकट जाई. आजाची एखादी खोल युक्ती त्याला हरवत नव्हती. आपल्याच बेताकडे एकटक पाहिल्यामुळे तो हरत होता. हे त्याला कोणी सांगितले असते तर त्याने मान डोलावली असती आणि विसरला असता. वहीत सात वेळा स्वतःच्या अक्षरात वाचल्यावर तो विसरला नाही.

हात लावण्यापूर्वी तीन प्रश्न

म्हणून दुसरा नियम असा केला. खेळी करण्यापूर्वी तीन प्रश्न मोठ्याने विचारायचे.

पहिला : समोरच्याने ही खेळी का केली?

दुसरा : तो आता मला काय करू शकतो? येथे क्रम ठरलेला असावा. आधी तो कोठून शह देऊ शकतो ते पाहावे, मग काय मारू शकतो ते, मग कोणती धमकी देऊ शकतो ते.

तिसरा : मी मनातली खेळी केली तर त्याचे सर्वांत चांगले उत्तर कोणते?

तिसऱ्या प्रश्नात मुले हमखास एक लबाडी करतात. समोरच्याच्या वतीने ती वाईट उत्तर निवडतात, म्हणजे आपला बेत पार पडतो. म्हणून पट उलटा फिरवून आजाच्या बाजूने पाहावे. फोनवर पट फिरवण्याची सोय असते. लाकडी पट असेल तर स्वतः उठून दुसऱ्या बाजूला जाऊन बसावे, ते अधिक चांगले.

शेवटापासून शिकावे

बहुतेक मुले सुरुवातीच्या खेळ्या पाठ करतात. विश्वविजेता कापाब्लांका यांचा सल्ला उलट होता : आधी डावाचा शेवट शिका. शेवटी पटावर मोहरी थोडी असतात, त्यामुळे प्रत्येकाची ताकद स्वच्छ दिसते.

एक उदाहरण घेऊ. तुमचे प्यादे वजीर होण्यासाठी एकटे धावत आहे आणि समोरचा राजा त्याला धरू पाहतो. धरील की नाही? मोजत बसण्याची गरज नाही. प्यादे ज्या घरात आहे तेथून शेवटच्या ओळीपर्यंतची घरे मोजा आणि तेवढ्याच लांबीरुंदीचा चौकोन मनात आखा. प्यादे चौथ्या ओळीत असेल तर त्याचे घर धरून पाच घरे लांब आणि पाच घरे रुंद असा चौकोन होतो. समोरच्याच्या पाळीला त्याचा राजा या चौकोनात पाऊल टाकू शकला तर प्यादे सापडले. नाही तर वजीर झालाच. अल अमेरातच्या मुलाने हा चौकोन कागदावर काढला आणि दुसऱ्या दिवशी आजाला विचारले, “तुम्हांला हे ठाऊक होते?” आजाला ठाऊक नव्हते. आजा चाळीस वर्षे बोटांवर मोजत आला होता. त्या दिवशी प्रथमच नातवाने आजाला काही शिकवले.

रोज थोडी कोडी

हॉलंडचे मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रोट यांनी मोठ्या आणि साध्या खेळाडूंना मोठ्याने विचार करायला लावले. त्यांचा ग्रंथ १९४६ साली निघाला. श्रेष्ठ खेळाडू फार जास्त खेळ्या पुढचे पाहत असतील असा लोकांचा समज होता. तसा मोठा फरक आढळला नाही. मात्र काही सेकंद दाखवलेला पट श्रेष्ठ खेळाडू जवळजवळ जसाच्या तसा मांडत. १९७३ साली अमेरिकेत चेस आणि सायमन या दोघांनी पुढचा प्रयोग केला. मोहरी पटावर वाटेल तशी विखुरली, तेव्हा श्रेष्ठांची ही करामत जवळजवळ नाहीशी झाली. म्हणजे त्यांची स्मरणशक्ती इतरांसारखीच होती. खऱ्या डावांतल्या रचना पुन्हापुन्हा पाहून त्यांच्या ओळखीच्या झाल्या होत्या. आपण वाचताना अक्षरे सुटी न पाहता शब्द एकदम ओळखतो, तसेच हे.

म्हणून रोज चार-पाच कोडी सोडवावी. ही पद्धतही जुनीच. नवव्या-दहाव्या शतकांत अरबी जगात अल-अदली आणि अस-सूली हे नामांकित खेळाडू होऊन गेले आणि तेव्हापासून अशी कोडी जमवली जात आहेत. अट एकच. उत्तर मनाशी पक्के ठरेपर्यंत पडद्याला बोट लावू नये. बोट लावून पाहू, चुकले तर दुसरे लावू, ही सवय लागली की कोडे सुटते पण डोळा तयार होत नाही.

‘मागे घ्या’चे बटण

पडद्यावरच्या खेळांत एक सोय असते ती नीट वापरली पाहिजे. खेळी मागे घेता येते किंवा साठवून ठेवलेला डाव पुन्हा उघडता येतो. लढाई हरली की मूल मागचा डाव उघडते आणि तीच लढाई नशिबाने जिंकेपर्यंत खेळते. यात शिकणे होत नाही.

परंतु हीच सोय प्रयोगशाळेसारखी वापरता येते. मोठ्या निर्णयापूर्वी डाव साठवावा. एकदा एका मार्गाने वीस पाळ्या खेळावे आणि काय मिळाले ते वहीत लिहावे. मग तोच डाव उघडून दुसऱ्या मार्गाने वीस पाळ्या खेळावे आणि दोन्ही पाने शेजारी ठेवून पाहावे. ‘सिव्हिलायझेशन’सारख्या खेळात नवशिके मूल एकाच गावात भव्य इमारती बांधत बसते आणि शेजारी तेवढ्या काळात चार गावे वसवतो. हे सांगून पटत नाही. दोन पाने शेजारी पाहिली की पटते.

या खेळांत नियम बदलतात हेही ध्यानात ठेवावे. पूर्वी एका घरात सैन्याचा ढीग लावता येई. २०१० साली निघालेल्या पाचव्या भागात षटकोनी घरे आली आणि एका घरात एकच लढाऊ तुकडी ठेवता येऊ लागली. जुन्या सवयीने खेळणाऱ्यांची त्यामुळे पंचाईत झाली. नवा खेळ हाती आला की पहिला डाव जिंकण्यासाठी न खेळता नियम तपासण्यासाठी खेळावा.

यंत्राला शेवटी विचारा

मे १९९७ मध्ये ‘डीप ब्लू’ या संगणकाने विश्वविजेता कास्पारोव्ह यांना साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवले. आज साध्या फोनमधले यंत्रही जबर खेळते आणि डाव संपताच सगळ्या चुका रंगवून दाखवते. मुलाने ते लगेच पाहू नये. आधी स्वतः रेघ मारावी, स्वतःचे वाक्य लिहावे आणि मग यंत्राशी ताडून पाहावे. उत्तर आधी पाहून गणित केल्यासारखे करू नये. आणि डाव चालू असताना यंत्राला विचारणे ही तर सरळ चोरी आहे, हे मुलाला स्पष्ट शब्दांत सांगावे.

आपल्या मुलखातील उदाहरणे

१९७४ साली भारतात महिलांची पहिली राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा झाली, ती मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी जिंकली. त्यांच्या बहिणी जयश्री आणि रोहिणी यांनी पुढे जवळजवळ दहा वर्षे ते विजेतेपद घराबाहेर जाऊ दिले नाही. १९७६ साली रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा मोठा वाद झाला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि महिलांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्णय जागतिक संघटनेचे अध्यक्ष माक्स यूवे यांनी दिला. १९८१ साली रोहिणी आशियाई विजेत्या झाल्या. आमच्या मते या तिघी बहिणींच्या यशात एक मोठा भाग असा की तोडीचा प्रतिस्पर्धी त्यांना रोज घरातच मिळत होता.

अलीकडचे उदाहरण नागपूरच्या दिव्या देशमुखचे. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. समोर कोनेरू हंपी, भारताची सर्वांत अनुभवी महिला खेळाडू. पहिले दोन्ही डाव बरोबरीत सुटले. मग जलद डावांत पहिला बरोबरीत आणि दुसरा दिव्याने जिंकला. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि या विजयाने तिला ग्रँडमास्टर किताबही मिळाला. त्या चार डावांत तिने धीर सोडला नाही, हे आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे.

वजीर दोन्हीकडे वजीरच

एक गंमत सांगतो. आपल्या बेटावर बरीच मुले मोहऱ्यांची नावे फ्रेंचमध्ये शिकतात. तिरका चालणारा तो ‘फू’, म्हणजे वेडा किंवा विदूषक. इंग्रजीत तोच बिशप, धर्मगुरू. आपल्या मराठीत तो उंट. अल अमेरातच्या मुलाचा ओमानी वर्गमित्र त्याला ‘फील’ म्हणतो, म्हणजे हत्ती! आणि आपला हत्ती तर कोपऱ्यात उभा. दोघांत यावरून जोरदार भांडण झाले. मग आजाला विचारले तेव्हा वजिरावर समेट झाला, कारण अरबीतही तो वजीरच आहे. भारतातून इराणमार्गे अरबांकडे आणि तेथून युरोपात, असा या खेळाचा प्रवास झाला. वाटेत कोणी उंट पाहिला, कोणी हत्ती, कोणी वेडा.

ओमानचा स्वतःचाही एक जुना आळीपाळीचा खेळ आहे, हवालिस. चार ओळी, प्रत्येक ओळीत सात खळगे, प्रत्येक खळग्यात सुरुवातीला दोन बिया. दोन ओळी आपल्या, दोन समोरच्याच्या. एका खळग्यातील बिया उचलून पुढच्या खळग्यांत एकेक टाकत जायचे. पूर्व आफ्रिकेतील अशाच खेळांशी त्याचे जवळचे नाते आहे. शेवटची बी कोठे पडेल हे आधी मोजणारा त्यात टिकतो. पडदा नसतानाही हा खेळ मातीत खळगे करून मांडता येतो. खेळ सुधारण्याचे नियम तेथेही तेच : मोजा, समोरच्याच्या बाजूने पाहा, हरलात तर का हरलात ते लक्षात ठेवा.

फळ काय मिळाले?

वाचक विचारतील, त्या मुलाचे पुढे काय झाले? चमत्कार झाला नाही. वजिराविना खेळणाऱ्या आजाला हरवायला त्याला दोन महिने लागले. हत्तीच्या पायरीवर तो बरेच दिवस अडकला. आता आजा एका घोड्याविना खेळतो. पूर्ण सैन्यानिशी झालेला एक डाव मात्र बरोबरीत सुटला. आजाने तो स्वतःच्या वहीत उतरवून त्याचा फोटो पाठवला. वर तारीख आणि खाली एक ओळ : “येथे मी घाई केली.” नातवाने आजाच्या अक्षरातील ती मराठी ओळ स्वतः वाचली.

ज्या घरांत मुले किंवा नातवंडे परगावी, परदेशी आहेत, त्यांनी हे करून पाहावे. बुद्धिबळच हवे असे नाही, आळीपाळीचा कोणताही खेळ चालेल. दिवसाला एक खेळी पुरे. एक वही येथे, एक वही तेथे. मोठ्यांनी मोहरे कमी करून खेळावे, पण खोटे हरू नये. आणि स्वतः हरलेला डावही वहीत उतरवावा. मोठ्यांची चूक त्यांच्याच हाताने लिहिलेली पाहिली की मुलाला स्वतःची चूक लिहायला लाज वाटत नाही.